शेवटची पट्टी

१

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा मला एवढीच धास्ती होती की आता दिवसभर घरात बसतील आणि माझ्या शिवणकामात नाक खुपसतील. तसं झालं असतं तर परवडलं असतं. त्यांनी न्हाणीघर बळकावलं.

उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेलेला माणूस. पाणी दिसलं की ते कुठून येतं, किती जोरानं येतं, कुठे मुरतं हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की घरी केलेल्या पन्हळीतून ओढ्याची रेती धुतली तर सोन्याचे कण मिळतात. झालं. छपराच्या पन्हळीचा अर्धा तुकडा आला, मग प्लायवूड आलं, मग ॲल्युमिनियमचा पत्रा. आंघोळीला गेलं की आधी ते लांबलचक धूड उभं करून ठेवायचं आणि मग बादली शोधायची.

प्रकार सोपा असतो. एक लांब पन्हळ, तळाला मऊ सतरंजी, तिच्यावर रबरी मॅट आणि मॅटवर थोड्याथोड्या अंतरानं आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. पन्हळ उतारावर ठेवायची, वरच्या टोकाला पाणी सोडायचं आणि त्यात चाळलेली रेती फावड्यानं टाकत राहायचं. हलकं असेल ते पाण्याबरोबर खालच्या टोकानं निघून जातं. जड असेल ते पट्ट्यांच्या आडोशाला बसतं. सोनं सगळ्यांत जड, म्हणून ते वरच्या पहिल्या दोन-तीन पट्ट्यांतच अडकतं. खालपर्यंत पोचतच नाही. हे सगळं मला का पाठ आहे विचाराल तर जेवताना, झोपताना, मी काजं करत असताना दुसरा विषयच नव्हता म्हणून. मी त्या पन्हळीला घसरगुंडी म्हणायचे. त्यांना राग यायचा.

“घसरगुंडी काय म्हणतेस? मेहनत आहे त्यात.”

“मेहनत माझी. सतरंजी कुणी शिवली?”

“वाकडी शिवलीस.”

असं आमचं चालायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं एखादं वाक्य त्यांनी न खोडता सोडलंय असं मला आठवत नाही. मी ‘ऊन पडलंय’ म्हटलं तर हे ‘पडलंय कुठे, तिरपं आहे’ म्हणणार.

न्हाणीघरात बादलीभर रेती धुताना पहिला कण सापडला तेव्हा मात्र बोट ओलं करून, त्याच्या टोकावर तो घेऊन, स्वयंपाकघरापर्यंत धावत आले. खसखशीच्या दाण्याहून बारीक. मी चष्मा लावून पाहिला आणि म्हटलं, “यासाठी न्हाणीघर गेलं?”

“गेलं कुठे, आहे तिथेच आहे,” हे म्हणाले आणि तो कण पाण्यानं भरलेल्या काचेच्या छोट्या कुपीत सोडला. खाली जाताना तो चमकला. खरं सांगते, मलाही जरा बरं वाटलं होतं. पण तोंडावर दाखवलं नाही.

२

ओढा गावाबाहेरच्या रस्त्याला आडवा जातो. रस्त्याखालून पाणी जायला सिमेंटची मोठी नळी टाकलेली आहे, माणूस वाकून आत शिरेल एवढी. नळीच्या अलीकडे ओढ्याला वळण आहे आणि वळणाच्या आतल्या अंगाला रेती साठते. यांना ती जागा आवडली. घसरगुंडी अशी मांडली की वरचं टोक काठाकडे आणि खालचं टोक नळीच्या तोंडाशी. धुतलेला गाळ थेट नळीत जाईल आणि आपल्या पायात येणार नाही, हा हिशोब.

पाण्यासाठी पंप लागतो, म्हणून माझे धाकटे दीर आले. भाऊजींचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. ते आले पंप घेऊन आणि आल्याआल्या दोघा भावांचं उतारावरून वाजलं.

“दादा, उतार जास्त आहे. सगळं धुऊन जाईल.”

“फुटाला इंचभर लागतोच.”

“हा दीड इंच आहे.”

“तुझी नजर दीड इंच आहे!”

मी डबा घेऊन गेले होते. झाडाखाली बसून ऐकत होते. शेवटी भाऊजींनी पाणसळ लावली, उतार बरोबर निघाला आणि मग दोघंही ‘मी तेच म्हणत होतो’ म्हणाले.

दुपारभर पंप घरघरत होता. हे रेती टाकत होते, भाऊजी पंपाजवळ उभे राहून सल्ले देत होते. चार वाजायच्या सुमाराला पंप बंद केला आणि मॅट काढायच्या आधी हे वाकून पट्ट्या बघू लागले. बघता बघता कपाळाला आठ्या.

वरच्या पट्ट्या स्वच्छ होत्या. चाटून पुसून घ्याव्यात तशा. जड काळी रेती सगळी खाली, नळीजवळच्या शेवटच्या पट्टीपाशी साचली होती आणि तिच्यात सोनं होतं. पहिल्या दिवशी ओल्या बोटावर आलं होतं त्याहून बरंच जास्त.

“मॅट उलटी घातलीस,” हे भाऊजींना म्हणाले.

“मी मॅटला हात लावलेला नाही.”

“मग तुझ्या वहिनीनं सतरंजीच उलटी शिवली असेल.”

हे ऐकून माझं डोकं फिरलं. बायका शिवणाऱ्या असल्या की जगातल्या सगळ्या उलट्या गोष्टी त्यांनीच शिवलेल्या असतात. मी घरी गेले, ती सतरंजी वाळवली आणि तिच्या एका टोकाला लाल दोऱ्यानं ठसठशीत बाण शिवला. बाणाचं टोक ज्या बाजूला, ती बाजू वर. आता बोला म्हटलं.

३

दुसऱ्या खेपेला बाण मी स्वतः डोळ्यांनी बघून सतरंजी आणि तिच्यावर मॅट बसवली. पाणी वरून सोडलं, खाली जाताना पाहिलं. रेती वरून टाकली, खाली जाताना पाहिली. संध्याकाळी पुन्हा तेच. वरच्या पट्ट्या कोऱ्या आणि माल सगळा शेवटच्या पट्टीत.

वर आणखी एक गंमत. वरच्या टोकाला, जिथे पंपाचं पाणी पडतं, त्या डबड्याच्या कडेला राखाडी पांढुरकं काहीतरी जमलं होतं. शिलाई मशीनच्या पोटात धाग्यांची धूळ जमते ना, तसं. चिमटीत धरलं तर चिमटीत काही आहे असं वाटेना.

“शेवाळ असेल,” भाऊजी म्हणाले.

“पांढरं?”

“मग साबण असेल. वरती कुणीतरी कपडे धूत असेल.”

साबण म्हटल्यावर मी फेस शोधायला लागले. माझाच मला राग आला, कारण मला खरं तर घरी जाऊन ब्लाउजचे हुक लावायचे होते. तरी रस्ता ओलांडला आणि पलीकडे नळीचं दुसरं तोंड बघायला गेले. आमच्या बाजूनं नळीत दुपारभर गढूळ पाणी जात होतं, चहासारखं. पलीकडून जे बाहेर पडत होतं ते स्वच्छ होतं. तळाचा खडान्‌खडा दिसत होता. मी थोडा वेळ थांबले, म्हटलं गाळ यायला वेळ लागत असेल. आला नाही.

परत येऊन सांगितलं तर हे म्हणाले, “आत खड्डा असेल, त्यात बसत असेल गाळ.”

“खड्डा कधी भरतो की नाही?”

“भरला की भरला! तुला काय त्याचं? सोनं येतंय ना?”

येत होतं. कुपीचा तळ आता दिसेनासा झाला होता. त्यांचं म्हणणं, कुठल्या का टोकाला बसेना, बसतंय ना. पण भाऊजींनी भांडण मध्येच सोडून पंप आवरायला घेतला. पंपाची नळी गुंडाळता गुंडाळता मला हळूच म्हणाले, “वहिनी, आत कुणीतरी फावडं मारतंय असा आवाज येतो. पंप बंद केल्यावर.”

“आवाज घुमतो नळीत.”

“दादाचं फावडं तेव्हा माझ्या हातात होतं.”

मी म्हटलं, “तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार आहात.” आणि डबा उचलून चालू लागले.

४

त्यानंतर भाऊजी दुकानाचं निमित्त सांगून यायचे थांबले. हे एकटेच जात राहिले.

घरात काय बदललं ते मला आधी कळलंच नाही. घर जरा शांत वाटतंय एवढंच वाटत होतं. मग एका सकाळी मी म्हटलं, “पाऊस येईलसं वाटतंय,” आणि हे म्हणाले, “हो.”

मी कात्री खाली ठेवली. बाहेर लख्ख ऊन होतं. मी मुद्दामच बोलले होते, त्यांनी खोडून काढावं म्हणून. तो आमचा रोजचा चहा होता म्हणा ना.

“पाऊस येईल?” मी पुन्हा म्हटलं.

“हो, येईल.”

“ऊन पडलंय की.”

“हो, पडलंय.”

मग मी लक्ष ठेवायला लागले. न्हाणीघरातून ओल्या पायांनी आले की फरशीवर पावलं उमटायची, मी रोज ओरडायचे. आता पावलं उमटत होती, पण कडेकडेनं, पुसट, जणू कुणी पाय टेकवायच्या आधीच उचलला. आमच्या पलंगाची एक फळी हे आडवे झाले की करकरते. ती करकरेना. मी जाऊन बसले तर करकरली. शर्ट अंगावर होता, मापात होता, मी टेप लावून पाहिला. छाती, कंबर, खांदा, सुताचाही फरक नाही. पण शर्ट दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता. आत माणूस आहे असं कापडाला वाटत नव्हतं. कापड खोटं बोलत नाही, एवढं या धंद्यात मला कळलंय.

मी चिडून म्हटलं, “अहो, तुम्हाला काय झालंय? भांडा तरी!”

हे हसले. छान हसले. “बरं,” म्हणाले.

त्या ‘बरं’ला काही वजनच नव्हतं.

५

डॉक्टरांकडे नेलं. मी सांगितलं, “हे हलके झालेत.” डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं केलं. पूर्वी होतं तेवढंच भरलं, उलट किंचित जास्त. रक्त तपासलं, छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली. सगळं उत्तम.

“भूक लागते?” डॉक्टर.

“हो.”

“झोप लागते?”

“हो.”

“मग तक्रार काय आहे?”

हे माझ्याकडे बघून म्हणाले, “काही नाही.” डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तपासायला मलाच आणायला हवं होतं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, “आई, बाबा शांत झालेत ही वाईट गोष्ट आहे का? जन्मभर त्यांच्या भांडखोरपणाच्या नावानं बोटं मोडलीस.” तिला काय सांगणार? तिचं खरं होतं. मी फोन ठेवला आणि स्वतःलाच चार शब्द सुनावले. वय झालं की माणसं निवतात. मीच कटकटी, मला शांतता सोसत नाही. दोन दिवस मी स्वतःला असं समजावत काढले. तिसऱ्या दिवशी हे दारातून आत आले, दार वाऱ्यानं थोडं आपटलं आणि त्या दारानं ते बाजूला सरकले. ढकलले गेले नाहीत. पडदा सरकतो तसे सरकले.

मी तडक भाऊजींच्या दुकानात गेले. ते तारेची गुंडाळी घेऊन बसले होते.

“तो पंप काढून घ्या,” मी म्हटलं. “काहीही कारण सांगा. पंप नसला की जाणार नाहीत.”

भाऊजींनी मान वर केली. “वहिनी, पंप तर मी केव्हाच आणला. तो काय, त्या कोपऱ्यात.”

पंप कोपऱ्यात होता. त्याच्यावर धूळ बसली होती.

“मग हे रोज चालवतात काय?”

 भाऊजींच्या हातातली गुंडाळी सुटून सगळी तार जमिनीवर पसरली, तरी त्यांनी ती उचलली नाही.

“चला माझ्याबरोबर,” मी म्हटलं.

“वहिनी, मला यायला सांगू नका.”

“तुमचा भाऊ आहे.”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “मी एकदा गेलो होतो बघायला. त्यानं मला हाक मारली, ‘ये’ म्हणाला. दादानं मला आयुष्यात कधी ‘ये’ म्हटलेलं नाही. ‘कशाला आलास’ म्हणतो.”

त्यांच्यावर ओरडण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी स्कूटर काढली.

६

भर दुपार होती. रस्त्यावरून वाहनं जात होती, एक ट्रकवाला थांबून टायरवर हातोडी मारून बघत होता. भीती वाटावी असं काही नव्हतं, आणि मला भीतीपेक्षा संतापच जास्त आला होता. काठावरून उतरताना चप्पल तुटली, तीही मी यांच्या नावावर जमा केली.

पंपाची जुनी नळी काठावर वाळून पडली होती. फावडं आडवं पडलेलं, दांड्यावर कोळ्यानं जाळं केलेलं. घसरगुंडीत मात्र पाणी वाहत होतं. चांगलं बोटभर खोल, पट्ट्यांवरून उसळ्या घेत.

मी आधी नीट बघितलंच नाही. कोण पाणी सोडतंय म्हणून वरच्या टोकाकडे गेले. तिथे पाणी पडत नव्हतं. तिथे ते पोचत होतं. वरच्या कडेवरून रेतीत सांडत होतं आणि सांडेल तिथे त्या पांढुरक्या धुळीचा ढीग झाला होता, माझ्या गुडघ्याएवढा. वारा आला की ढिगाचा वरचा थर उडत होता. एक सुकलेलं पान खालच्या टोकाकडून निघालं, एकेक पट्टी ओलांडत माझ्याकडे चढत आलं आणि माझ्या पायाशी पडलं.

हे खालच्या टोकाला उभे होते. नळीच्या तोंडाशी, पन्हळीच्या शेवटच्या भागात दोन्ही पाय घालून, हात मोकळे सोडून. रांगेत आपला नंबर येण्याची वाट बघणारा माणूस उभा असतो ना, तसे. पाणी त्यांच्या घोट्यांवरून वर चढत होतं.

“अहो!”

“हो,” हे म्हणाले.

“बाहेर या!”

“हो.” आणि तिथेच.

मी पाण्यात उतरले, दंड धरून ओढलं. किती सहज आले ते सांगायला मला जीभ रेटत नाही. काठावर बसवलं. मग म्हटलं, हे धूडच मोडून टाकते, पुन्हा प्रश्नच नको. एकेक पट्टी उपटून बाजूला फेकत मॅट आणि सतरंजी वरच्या टोकाकडून गुंडाळत खाली आले. शेवटच्या पट्टीपाशी ती अडली.

तिथे अंधार होता, नळीची सावली पडलेली. शेवटच्या पट्टीजवळ काळी रेती ताटभर साचली होती. नळीच्या बाजूनं मोजलं तर तीच पहिली पट्टी. मी खेचलं. सतरंजी थोडी आली, थांबली.

मी कापडाच्या धंद्यात जन्म काढलाय. कापडाचं दुसरं टोक दगडात अडकलंय, खिळ्यात अडकलंय की माणसाच्या हातात आहे, हे मला डोळे मिटून कळतं. दगड जसाच्या तसा धरतो. माणूस धरतो तेव्हा कापडाला झोळ येऊ नये म्हणून तेवढ्यास तेवढा ताण देतो. चादरीची घडी घालताना समोरचा धरतो तसं. मी सैल सोडलं तर तिकडून सैल झालं. मी ताणलं तर तिकडून बेतानं ताणलं गेलं.

मग नळीत फावडं खरवडल्याचा आवाज आला. एकदा. आणि काम करणाऱ्याला मध्येच कुणी बोलावलं की तो जसा जिभेनं आवाज करतो, मी स्वतः दिवसातून शंभरदा करते, तसा वैतागलेला ‘च्च’.

सतरंजीच्या कडेवर मला अंगठा दिसला. फक्त अंगठा. फार वेळ पाण्यात राहून सुरकुतलेला, नख घासून घासून अर्धं झालेलं. त्यानं कड नीट आत दुमडली, माझ्या शिवणीवरून एकदा फिरला, शिवण कशी आहे ते बघावं तसा, आणि सोडून दिलं.

मी मागे आपटले. सगळी ओली सतरंजी माझ्या मांडीवर आली. काळ्या रेतीसकट.

कशी वर चढले, स्कूटर कशी सुरू केली, आठवत नाही. हे मागे बसले होते. खड्ड्यातून गेलं की मागचं चाक नुसतं उडत होतं. प्रत्येक वळणावर मी आरशात बघत होते, आहेत ना.

७

घरी आल्यावर ती सतरंजी मी परातीत खरवडली. काही म्हणजे काही ठेवलं नाही, नखानं टाक्यांतलं काढलं. परात उचलेना. अर्धी पण भरली नव्हती, तरी ओट्यावरून खाली ठेवताना मला पाय फाकून उभं राहावं लागलं.

यांच्यासमोर ठेवली. का ठेवली मला विचारू नका. दुसरं काय करणार होते? यांनी मांडी घातली, दोन्ही हात मनगटापर्यंत त्या रेतीत घातले आणि शेकोटीशी बसतात तसे बसून राहिले. दिवेलागणीला उठून झोपायला गेले. पलंगाची फळी करकरली.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि तोंडावर पदर धरून रडले.

सकाळी परातीत साधी रेती होती, एका हातानं उचलता येण्यासारखी. आणि हे आतून ओरडले, “चहा आहे की कालचं पाणी?”

मी म्हटलं, “कालचं पाणी.” इतका आनंद मला मुलगी झाली तेव्हा झाला होता. दिवसभर हे भांडत होते. पंखा किती वेगात, खिडकी कुठली उघडी, वर्तमानपत्राची घडी कुणी मोडली. फरशीवर पावलं ठसठशीत. मी भाऊजींना फोन केला, ते धावत आले. यांनी दारातच विचारलं, “कशाला आलास?” भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले. घसरगुंडीचं उरलेलं सामान भाऊजींनी स्वतः नेऊन भंगारात घातलं. ओढ्याकडे कुणी फिरकलं नाही.

आठवडा छान गेला. मग एकदा जेवताना हे घास हातात धरून थांबले.

“मागचं दार लावलंस का?”

आमच्या घराला मागचं दार नाही. स्वयंपाकघराची मागची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून आहे. दोन्हींत बोट शिरत नाही.

“कुठलं मागचं दार?”

“तुला रोज सांगायला लागतं,” हे वैतागून उठले. अगदी त्यांच्या पद्धतीनं वैतागले, पाट मागे सारून. पण मला ‘तुला’ म्हणताना आवाज वेगळ्या कुणाशी बोलताना लागावा तसा लागला होता, ज्या बाईला हे रोज सांगावं लागत असे तिच्याशी. भिंतीपाशी गेले, मसाल्यांच्या फळीखाली, हात उचलून काहीतरी डावीकडून उजवीकडे सरकवलं आणि परत येऊन जेवायला बसले. मी कडीचा आवाज ऐकला.

घाईत मी सगळंच खरवडून आणलं होतं. त्या शेवटच्या पट्टीत किती दिवसांचं, कुणाकुणाचं काय साठलं होतं, ते निवडून बघायला मी थांबले नव्हते.

हे आता रोज विचारतात. पहिल्यांदा मी समजावलं, मग भांडले, मग मुलीला सांगितलं, ती म्हणाली वय झालंय. खरं असेल. बाकी काही तक्रार नाही. खातात, झोपतात, माझं वाक्य खोडून काढतात. कधीकधी चुकीच्या वाक्यावर चिडतात, मी न बोललेल्या, पण चिडतात. मी ‘लावलंय हो, लावलंय’ म्हणायला शिकले. तेवढ्यानं भागत होतं.

काल हातात शिवण होती, गळ्याचं अवघड काम, आणि यांनी चौथ्यांदा विचारलं. माझा संयम सुटला. “बघा, तुमच्यासमोर लावते!” म्हणून मी तणतणत उठले, मसाल्यांच्या फळीखाली गेले आणि त्यांना दाखवायला म्हणून हात वर करून कोऱ्या भिंतीवर आपटला.

कडी हाताला लागली. गार होती, ओली होती आणि लावलेली नव्हती.